एफ-१ व्हिसावरची कमाई : ऐकीव नियम आणि खरे नियम

एकाच कॉलेजातून बाहेर पडलेली चार मुलं शिकायला चार देशांत जातात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना नियम सांगू लागतात. ब्रिटनमध्ये पदवीचं शिक्षण घेणारा सत्राच्या दिवसांत आठवड्याला २० तास कुठल्याही कॅफेत काम करू शकतो. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून ही मर्यादा २४ तास आहे, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. अमेरिकेत गेलेल्याच्या कानावरही २० हाच आकडा पडतो आणि तो आकडा आपल्यालाही तसाच लागू आहे असं तो धरून चालतो. अमेरिकेत तो आकडा आहे खरा, पण फक्त विद्यापीठाच्या आवारातल्या कामापुरता. बाहेरच्या दुकानात परवानगीशिवाय आठवड्याला दोन तास जरी काम केलं तरी एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची अट मोडली जाते. तिथे आधी विचारायचं ते ‘कोणत्या परवानगीवर?’, ‘किती तास?’ हे त्यानंतर.

आवारातलं काम म्हणजे ग्रंथालय, मेस, प्रयोगशाळा, शिकवण्यात किंवा संशोधनात प्राध्यापकांना मदत. कॅम्पसवर विद्यार्थ्यांसाठी चालणारं पुस्तकांचं दुकान खासगी मालकीचं असलं तरी चालतं. त्याच कॅम्पसवर इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराकडे मात्र काम करता येत नाही, कारण तो विद्यार्थ्यांना सेवा देत नाही. दोन ठिकाणी काम केलं तर तासांची बेरीज होते आणि टीएशिपचे (शिकवण्यात मदतीचे) तासही त्यातच धरतात. सुट्टीत ही मर्यादा उठते.

‘पहिल्या सत्रापासून स्वतःचा खर्च स्वतः काढीन’ असं आईवडिलांना सांगून निघणाऱ्यांनी एक हिशेब घरीच करावा. तासाला १२ डॉलर मिळतात असं धरलं, तर २० तासांचे आठवड्याला २४० डॉलर होतात, तेही कर कापण्याआधी. त्यात किराणा आणि फोनचं बिल निघेल, फी निघणार नाही. शिवाय कॅम्पसवरची कामं थोडी आणि मागणारे पुष्कळ. घर तारण ठेवून कर्ज काढलेल्या कुटुंबाला हे विमानाचं तिकीट काढण्याआधी ठाऊक असलं पाहिजे.

‘सोशल सिक्युरिटी नंबर आला, आता कुठेही काम करता येईल’ हा समजही पक्का बसलेला असतो. विद्यार्थ्याला मिळणाऱ्या कार्डावरच छापलेलं असतं की ते गृहसुरक्षा खात्याच्या परवानगीसोबतच कामासाठी ग्राह्य आहे. तो नंबर पगार आणि कर यांच्या नोंदीसाठी आहे. परवानगी वेगळी घ्यावी लागते.

शिक्षण चालू असताना बाहेर इंटर्नशिप करायची तर सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची परवानगी लागते. काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं, आधी नोकरीचं पत्र हातात असावं लागतं आणि विद्यापीठातल्या डीएसओंनी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी, आय-२० या विद्यार्थ्याच्या दाखल्यावर कंपनीचं नाव आणि तारखा नोंदवाव्या लागतात. त्या तारखेच्या एक दिवस आधी कामावर गेलेलंही चालत नाही. साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावरच हे मिळतं. अपवाद आहे तो सुरुवातीपासूनच असं प्रशिक्षण सक्तीचं असलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा. या अपवादाच्या आधारावर काही संस्था पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ नोकरीची हमी देऊन विद्यार्थी गोळा करतात. ‘विद्यापीठानेच दिलंय, म्हणजे कायदेशीरच’ असं मानणाऱ्यांनी मिशिगनमधल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’चं प्रकरण वाचावं. तिथे ना वर्ग होते ना शिक्षक. ते विद्यापीठ अमेरिकी सरकारी यंत्रणेनेच सापळा म्हणून उभं केलं होतं. जानेवारी २०१९ मध्ये तिथले विद्यार्थी म्हणून ज्यांना अटक झाली, त्यांत बहुतेक सगळे भारतीय होते. सरकारने असा सापळा लावावा का, यावर तिकडेही वाद झाला, आणि माझ्या मते तो रास्त होता. पण वर्गात न बसता नोकरी करायला देणारा प्रवेश संशयास्पद असतो, हे त्यातून प्रत्येकाने घ्यायलाच हवं. आणखी एक किंमत फार जणांना उशिरा कळते. पूर्ण वेळचं सीपीटी १२ महिने झालं की त्या पदवीवरचं ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर आपल्या विषयात काम करण्याची परवानगी, हातची जाते.

ओपीटीला आधी नोकरी लागत नाही. ती मिळेपर्यंत अर्ज थांबवून ठेवणारे उगाच वेळ घालवतात. अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. काम मात्र परवानगीचं कार्ड हातात आल्यावर, त्यावरच्या तारखेपासून. मुदत १२ महिन्यांची. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या शाखांच्या पात्र पदव्यांना आणखी २४ महिने मिळू शकतात. पहिल्या १२ महिन्यांत बेकारीचे दिवस एकूण ९० च्या वर गेले तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो.

उबर चालवणं, घरोघरी जेवण पोचवणं, यूट्यूब चॅनलवर नियमित कमाई करणं याला पुष्कळ जण ‘नोकरी थोडीच आहे’ म्हणतात. मालक नसला तरी तो स्वयंरोजगार आहे आणि तोही परवानगीशिवाय चालत नाही. पुण्यातल्या कंपनीचं काम अमेरिकेतल्या खोलीत बसून करणं हाही धोक्याचा मामला आहे. पगार रुपयांत आला म्हणजे काम भारतात झालं असं होत नाही. ते सुरू करण्याआधी जाणत्या वकिलाला विचारलेलं बरं. मुदत ठेवीचं व्याज, शेअर्सचा लाभांश, गावाकडच्या घराचं भाडं याला हरकत नाही. ‘फुकट करतो, मग काय?’ हेही दर वेळी चालत नाही: एरवी ज्या कामाला पगार मिळतो, ते बिनपगारी करूनही नियम मोडू शकतो. अन्नछत्रात सेवा केलेली चालते.

कराबाबत एवढंच, की कमाई शून्य असली तरी फॉर्म ८८४३ भरायचा असतो. पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के पगारातून कापले जायला नकोत. कापले असतील तर परत मागावेत.

उरतो सगळ्यात नाजूक विषय, रोखीचा. पेट्रोल पंप, मोटेल, आपल्याच लोकांची रेस्टॉरंट. ‘रोख घेतलं तर कळतंय कुणाला?’ कळतं, कधी कधी बऱ्याच वर्षांनी, ग्रीनकार्डच्या अर्जात ‘परवानगीशिवाय काम केलंय का?’ हा प्रश्न समोर येतो तेव्हा. दुसऱ्या काही कारणाने व्हिसाचा दर्जा गेला तर तो पूर्ववत करून मागता येतो; परवानगीशिवाय काम केलं असेल तर ती वाट बंद होते. म्हणून घरी अचानक संकट आलं, वडिलांची नोकरी गेली, रुपया कोसळला, तर पंपावर जाण्याआधी डीएसओंकडे जावं. एक शैक्षणिक वर्ष पूर्ण केलेल्याला अनपेक्षित आर्थिक अडचणीच्या कारणावरून आवाराबाहेर काम करण्याची कायदेशीर परवानगी मागता येते. ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते.

आणि जो आधीच अशा रोखीच्या कामात अडकलाय, ज्याचा मालक तासाला चार-पाच डॉलर देतो किंवा महिनाभर राबवून पैसेच देत नाही, त्याला ‘तू तक्रार केलीस तर तूच अडकशील’ असं सांगितलं जातं. व्हिसाची जोखीम खरी आहे, म्हणून आधी वकिलाशी बोलावं. पण अशा कामगाराला हक्कच नसतात, हे खोटं आहे. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे, अनेक राज्यांत त्याहून जास्त, आणि केलेल्या कामाचं वेतन मागण्याचा हक्क व्हिसाच्या दर्जावर अवलंबून नाही. अमेरिकी कामगार खात्याचा वेतन व तास विभाग अशा तक्रारी घेतो. तास, तारखा आणि मिळालेली रक्कम वहीत लिहून ठेवलेली असेल, तर तेही पुरावा म्हणून उपयोगी पडतं.