गाठ सोनोग्राफीत, आकडे रक्तात

मानेच्या सोनोग्राफीत थायरॉइडला गाठ दिसली, रक्त देऊन झालं, रिपोर्टही आला. डॉक्टरांची वेळ मात्र पुढच्या आठवड्यातली. मधल्या दिवसांत माणूस ठळक छापलेला आकडा आणि ती गाठ यांची सांगड घालत बसतो, आणि ती बहुधा चुकते. रक्तावरून ग्रंथीचं काम कसं चाललंय ते कळतं. गाठ कसली आहे, ते कळत नाही. टीएसएच नॉर्मल असला तरी गाठ तपासावी लागते, आणि बिघडलेला असला म्हणून ती कॅन्सरची ठरत नाही.

टीएसएच थायरॉइडमधून येतच नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो सोडते. थायरॉइडच्या नावे काढलेली मागणीची चिठ्ठीच म्हणा. रक्तात टी-३, टी-४ ही थायरॉइडची संप्रेरकं कमी पडली की चिठ्ठ्या वाढतात, जास्त झाली की कमी होतात. म्हणून हा आकडा उलटा वाचायचा. मोठ्या माणसांसाठी बहुतेक लॅब ०.४ ते ४.५ च्या आसपासची मर्यादा छापतात. गरोदरपणात ती वेगळी. समजा टीएसएच ५.८, टी-४ ठीक आणि अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं, बरीच वाढलेली. याचा अर्थ शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटली असावी. हाशिमोटो म्हणतात तो हा आजार, बायकांमध्ये फार आढळणारा. त्यात ग्रंथी खडबडीत होते, आणि सोनोग्राफीत कधी कधी नुसती सूजही गाठीसारखी दिसते.

टीएसएच फार कमी आला तर मात्र तपासाची वाट बदलते. गाठ स्वतःच संप्रेरक तयार करत असू शकते, म्हणून थायरॉइड स्कॅन सांगतात. स्कॅनमध्ये गाठ ‘हॉट’, म्हणजे संप्रेरक बनवणारी, दिसली तर ती कॅन्सरची असण्याची शक्यता फारच कमी, आणि सहसा पेशी काढायला सुई टोचावी लागत नाही. त्याआधी एक विचारून घ्या: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? काही मशीनवर त्यांच्यामुळे टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त येतो. डॉक्टरांना सांगून त्या निदान दोन दिवस बंद ठेवायच्या आणि मग रक्त द्यायचं.

गाठीबद्दलचं खरं बोलणं सोनोग्राफीच्या रिपोर्टात असतं. ‘१.४ सेंमी, सॉलिड, हायपोएकोइक, कडा स्पष्ट, टीआर-४.’ टीआर म्हणजे टाय-रॅड्सची १ ते ५ ही प्रतवारी. भरीव असण्याचे दोन गुण, गडद दिसण्याचे दोन, मिळून चार, म्हणून टीआर-४. आडवीपेक्षा उभी गाठ, वेड्यावाकड्या कडा, आत बारीक चमकते ठिपके, यांनी गुण आणखी चढतात. पण सुई टोचायची की नाही, ते आकारही पाहून ठरतं: टीआर-३ ला २.५ सेंमी, टीआर-४ ला १.५, टीआर-५ ला १. त्यामुळे वरच्या गाठीला ‘वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी करू’ असं सांगितलं, तर तो डॉक्टरांचा निष्काळजीपणा समजू नये.

सुई टोचलीच, तर त्या तपासणीच्या, म्हणजे एफएनएसीच्या, रिपोर्टात बेथेस्डा १ ते ६ यांपैकी एक आकडा येतो. इथे पुष्कळांचा जीव उगाच खालीवर होतो, कारण तो कॅन्सरची स्टेज वाटतो. बेथेस्डा १ म्हणजे पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, सुई पुन्हा टोचा. २ म्हणजे साधी गाठ. ६ म्हणजे कॅन्सर. ५ म्हणजे त्याचा दाट संशय. कटकट ३ आणि ४ ची, कारण तिथे नक्की काही सांगता येत नाही. त्यातही ४ मध्ये पेशी फॉलिक्युलर असतात, आणि त्यांनी गाठीचं आवरण भेदलंय का, यावर सगळं अवलंबून असतं. सुईत पेशी येतात, आवरण येत नाही. म्हणून बऱ्याचदा थायरॉइडची ती बाजू काढून पूर्ण तपासावी लागते.

डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी न्या. लहानपणी मानेला रेडिएशन दिलं असेल किंवा घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल, तर ते आपणहून सांगा. आवाज बसला आणि सुटेना, गिळताना अडकू लागलं किंवा गाठ भराभर वाढली, तर फोन करून वेळ अलीकडची मागा. श्वास लागत असेल तर वेळेची वाट न पाहता सरळ हॉस्पिटल गाठा.