धिंगरीचे बियाणे आणि माझी घाई

बालरोगतज्ज्ञाने अळिंबीच्या बियाण्याविषयी लिहावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु इंदूरच्या माझ्या दवाखान्यातील मावशींनी माळव्यात मुबलक मिळणाऱ्या सोयाबीनच्या भुशावर धिंगरी अळिंबी पिकविण्याचे मनावर घेतले, आणि बियाणे, म्हणजेच स्पॉन, करून देण्याचे मी आपण होऊन पत्करले. निर्जंतुकीकरण तर आपला रोजचाच व्यवहार! हा आत्मविश्वासच नडला.

स्पॉन म्हणजे उकडलेल्या, निर्जंतुक दाण्यांवर वाढविलेले अळिंबीचे कवकजाल. मी गहू घेतला, दाणे फुटेपर्यंत शिजविला आणि शस्त्रांप्रमाणे वीसच मिनिटे ऑटोक्लेव्हमध्ये ठेवला. पुढे बाटल्या पांढऱ्या दिसू लागल्या. काहींना आंबूस वास होता, त्याकडे मी दुर्लक्ष केले. मावशींनी बचतीतून भरलेल्या वीस पिशव्या ट्रायकोडर्मा बुरशीने हिरव्या पडल्या. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तेच अधिक लागले. पैसे मी भरून दिले, पण त्यांचा गेलेला हंगाम कसा भरून देणार?

मग चूक शोधली. दाण्यांवर बॅसिलस जिवाणूंचे चिवट बीजाणू असतात. धान्य रात्रभर भिजविल्यास त्यांतील पुष्कळसे अंकुरतात व उष्णतेला बळी पडतात. शिवाय दाण्यांच्या गच्च राशीत उष्णता सावकाश शिरते; म्हणून १५ पौंड दाबावर, १२१ अंश सेल्सिअसला दीड ते दोन तास द्यावे लागतात. दाणा मऊ व्हावा, पण फुटू नये. फुटला की पिठूळ चिकटा जंतूंना मेजवानी ठरतो. दहा किलो उकडलेल्या दाण्यांत २०० ग्रॅम जिप्सम व ५० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिसळले, की दाणे सुटे राहतात आणि आम्लता आटोक्यात येते.

दुसऱ्या वेळी गहू, ज्वारी व बाजरी शेजारी शेजारी लावली. बाजरीचे दाणे बारीक. त्यामुळे तेवढ्याच वजनात भुशात कवक रुजण्याच्या जागा अधिक मिळतात. मात्र पाणी किंचित जास्त झाले, की तिचे गोळे होतात. गव्हाच्या दाण्यात अन्नसाठा मोठा, पण किलोमागे दाणे कमी. ज्वारी मधली, आमच्या हाताला तीच बसली. सुमारे २५ अंशांवर दोन ते तीन आठवड्यांत बाटली भरते. मधून मधून ती हलवावी लागते.

बालकाच्या वजनाप्रमाणे औषधाची मात्रा बदलते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. दाण्याप्रमाणे भिजवण आणि उकड बदलते, हे मला मावशींच्या नुकसानीतून शिकावे लागले. आता संशयास्पद बाटली आम्ही कोणालाही देत नाही. न उघडता पुन्हा ऑटोक्लेव्ह करून टाकून देतो. गेल्या हिवाळ्यात मावशींच्या पिशव्यांवर शुभ्र धिंगरी आली. पहिली जुडी त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली. तेवढ्याने मी निर्दोष सुटलो, असे मात्र मानीत नाही.