मरळ : रूढ समज आणि वस्तुस्थिती

उन्हाळ्यात कोरडे पडलेले तळे मृगाच्या सरींनी भरते न भरते तोच त्यात हातभर लांबीची मरळ फिरताना दिसते, आणि म्हणून हा मासा पावसाबरोबर आभाळातून पडतो किंवा चिखलातच उपजतो, अशी समजूत खेडोपाडी दृढ झालेली आहे. वास्तविक मरळ तेथेच मुक्कामास असते; पाणी आटू लागताच ती गाळात शिरते आणि त्वचा व श्वसनेंद्रिये ओली राहतील तोवर अंगच्या चरबीवर महिनोन्‌महिने निभावून नेते.

याचे मर्म तिच्या श्वसनात आहे. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या दोन्ही अंगांस, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर असलेली एकेक पोकळी असते. पृष्ठभागावर येऊन तोंडाने घेतलेली हवा तेथे साठवून मरळ तिच्यातील प्राणवायू शोषते. मासा तो मासाच, त्याला पाणी पुरे, हा समज येथे खोटा ठरतो. कारण तिला केवळ कल्ले पुरत नाहीत, आणि जाळ्यात अडकून वर येता आले नाही, तर ती भर पाण्यात गुदमरून मरते.

डोक्यावरील मोठ्या खवल्यांमुळे तिला सापाच्या जातीची व विषारी मानणारेही आहेत. त्यात काडीचेही तथ्य नाही. हैदराबादेत मृगाच्या आरंभी दमेकऱ्यांना मरळीचे जिवंत पिल्लू औषधासह गिळावयास देतात व त्यासाठी महाराष्ट्रातूनही रुग्ण जातात. परंतु त्याने दमा बरा होतो यास शास्त्रीय पुरावा नाही, सबब चालू उपचार कोणीही थांबवू नयेत.

बेडूक, किडे व लहान मासे यांवर झडप घालणारी ही मरळ स्वतःची पिल्लेही खाते, असे सर्रास बोलले जाते. लहानमोठी पिल्ले एकत्र सापडली तर थोरली धाकट्यांना गिळतात, हे खरे; परंतु जन्मदात्यांची वागणूक निराळी आहे. काठालगतच्या पाणवनस्पतींत मोकळी केलेल्या जागी तरंगणाऱ्या पिवळसर अंड्यांवर ती पहारा देतात, आणि पुढे तांबूस पिल्लांचा थवा हवेसाठी वर येऊन पाण्याला बारीक उकळी फुटल्यासारखे दिसते तेव्हाही त्याच्या खालीच राखणीस असतात. थवा सोडून ती जात नाहीत, म्हणूनच नेमकी त्या वेळी सहज हाती लागतात, आणि मागे राहिलेली पोरकी पिल्ले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. तेव्हा आषाढ-श्रावणात असा तांबूस थवा दृष्टीस पडला, तर त्याच्या आसपास जाळे वा गळ टाकू नये, अशी मासेमार बांधवांस व हौशी मंडळींस कळकळीची विनंती आहे.