गज, कात्री आणि विंचू

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते. शिंपी कुळातील या संताची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असून ती आजही रागदारीत गायिली जातात. त्यांतील एका पदात मन हा गज होतो, जीभ कात्री होते आणि यमाचा फास मापून मापून कापला जातो. कापडाच्या पेढीवर वाढलेल्या मुलाला गज समजावून सांगावा लागत नाही (आता माप मीटरने होते, ही गोष्ट वेगळी). मनालाच गज का म्हटले, एवढे विचारायचे उरते.

शाळेत रूपक अलंकाराची व्याख्या आधी येते, उदाहरण नंतर. व्याख्या पाठ होते, अर्थ निसटतो. भारुडात क्रम उलटा असतो. संत एकनाथांचे विंचवाचे भारूड शाहीर साबळे यांच्या आवाजात घरोघरी पोहोचले. गाणारा वेदनेने तळमळतो, श्रोते हसतात; मग कळते की विष काम-क्रोधाचे आहे आणि उतारा सत्त्वगुणाचा. मुलांना अर्थ लगेच सांगू नये. या विंचवावर वैद्याचे औषध का चालत नाही, असे विचारावे. चुकीची उत्तरेही येऊ द्यावीत.

दिगंबर पूजेतील अष्टद्रव्येही गातच अर्पण होतात. जल जन्म-जरा-मृत्यूच्या नाशासाठी, चंदन संसारतापाच्या शमनासाठी, अक्षता अक्षय पदासाठी. चाल मुलांना तोंडपाठ असते. तांदूळ अखंडच का निवडायचे, हे विचारायचे मात्र बहुतेक घरांत राहून जाते.