सूर लावायचा आणि लगेच सोडायचा

बोलतानाही आपल्या आवाजाला सूर असतो, पण तो एका जागी ठरत नाही; प्रत्येक अक्षरावर घसरतो किंवा चढतो. गाताना स्वरतंतूंचा ताण सांभाळून आपण सूर धरून ठेवतो, स्वर लांबवतो. या दोन सवयींच्या मधली वाट ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी ‘पिएरो ल्युनेर’मध्ये धरली. १९१२ साली बर्लिनमध्ये ही रचना प्रथम सादर केली ती आल्बर्टिन त्सेमे या अभिनेत्रीने. या शैलीला जर्मनमध्ये ‘श्प्रेखगेझांग’ म्हणतात.

शोनबर्ग यांची सूचना नेमकी होती: लय गाण्याइतकी काटेकोर, सूर मात्र लागताक्षणी सोडून खाली किंवा वर न्यायचा. गाणे होता कामा नये, रोजचे बोलणेही नाही. शिकणाऱ्याने आधी शब्द नुसते लयीत म्हणावेत, मग सूर जोडावेत. तयार गायकांना हे जास्त जड जाते, कारण घोटून पक्की झालेली सूर धरण्याची सवयच इथे मोडायची असते. आणि ते सूर किती अचूक हवेत? शोनबर्ग यांच्याच दिग्दर्शनाखालच्या १९४० च्या ध्वनिमुद्रणात सादरकर्त्या एरिका श्टीड्री-वाग्नर लिहिलेल्या सुरांपासून बऱ्याचदा दूर जातात. हा वाद अजून मिटलेला नाही.