सोने लुटावे, पण पारखून

विजयादशमीस आपट्याचे पान एकमेकांच्या हाती देऊन आपण ‘सोने’ लुटतो. या प्रथेशी लोकमानसाने जोडलेली कौत्साची कथा महाकवी कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात वर्णिली आहे. गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्यात म्हणून वरतंतूंचा हा शिष्य रघुराजाच्या दारी आला. विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेल्या राजाने त्याचे स्वागत मातीच्या पात्राने केले. पुढे कोषागारात सुवर्णवृष्टी झाली. राजा म्हणे, सारे घे. कौत्स म्हणे, गुरूंच्या देण्याहून एक मुद्राही अधिक नको. देणारा हात आखडत नाही आणि घेणारा अधिक घेत नाही, हा आदर्श व्यवहार होय. उरलेले सोने आपट्याखाली ठेवले आणि प्रजेने ते लुटले, असे लोककथा सांगते.

आज मात्र ‘लुटणे’ या क्रियापदाचा अर्थ पालटला आहे की काय, अशी शंका येते. काही वर्षांपूर्वी नवरात्रात, तोरण्याच्या मेंगाईच्या परिसरातील एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध माउली आरतीनंतर थांबली. पदराच्या गाठीतून तिने दोन पाटल्या काढल्या. चार-पाच हंगामांचा भात विकून, पोटाला चिमटा घेऊन केलेले ते लेणे होते. नातीच्या लग्नाच्या वेळी मोडावयास नेले, तेव्हा सोने सांगितल्यापेक्षा पुष्कळ हीन कसाचे निघाले. ‘पावती कोठे?’ असे विचारता ती म्हणाली, ‘बुवा, सणाचा दिवस होता. पावती मागितली तर कर पडेल म्हणाले. आणि ओळखीच्या माणसाकडे कागद कसा मागायचा?’ मी निरुत्तर झालो. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, ही आपली भाबडी समजूतच तिच्या आयुष्याच्या पुंजीवर उठली होती.

वाचकहो, आपल्या शास्त्रकारांना ही भीड मान्य नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. वजने लोखंडाची, मगध किंवा मेकल येथील दगडाची, अथवा पाण्याने वाढणार नाहीत व उष्णतेने घटणार नाहीत अशा पदार्थाची असावीत, आणि दर चार महिन्यांनी ती तपासावीत, असा दंडक तेथे आहे. महाभारताच्या शांतिपर्वात तपस्वी जाजलीला धर्म शिकविणारा तुलाधार तर तराजू धरणारा वाणीच आहे. तराजू सर्वांस सारखा, हेच त्याचे व्रत. चोख व्यापारी आजही भोरच्या पेठेत आहेत. पावती मागितल्याने त्यांचा अपमान होत नाही, उलट त्यांच्या सचोटीची साक्ष राहते.

म्हणून दसरा-दिवाळीच्या खरेदीस निघताना काही गोष्टी ध्यानी धराव्यात. सोन्याच्या दागिन्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा अंक (बावीस कॅरटसाठी ९१६) आणि सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांक असावयास हवा. १ एप्रिल २०२३ पासून पुणे जिल्ह्यासह हॉलमार्क सक्तीच्या जिल्ह्यांत अशा क्रमांकावाचून दागिना विकता येत नाही. ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक घरातील शिकलेल्या मुलाकडून पडताळून घ्यावा. दोन ग्रॅमहून हलक्या वस्तूंना ही सक्ती नाही. तेथे पावतीचे महत्त्व दुप्पट. पावतीवर वजन, कस आणि घडणावळ वेगवेगळी लिहवून घ्यावी. हॉलमार्क असूनही कस कमी भरला, तर फरकाच्या दुप्पट भरपाई व तपासणीचा खर्च मागता येतो.

मिठाई तोलताना खोक्याचे वजन धरू देऊ नये. खव्याची शंका आल्यास त्यावर आयोडीनचा थेंब टाकावा. निळसर रंग आला तर पिठाची भेसळ समजावी. आपल्या मावळपट्टीचा आंबेमोहोर वा इंद्रायणी घेताना केवळ वासावर भुलू नये. मूठभर शिजवून पाहावा.

नवा ठग तर दारीही येत नाही; तो दूरध्वनीवरून बोलतो. देवस्थानचा प्रसाद, बक्षीस, अटकेची धमकी, अशी त्याची नाना सोंगे. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि दूरध्वनीवरील ‘डिजिटल अटक’ कायद्यात नाही, एवढे गाठीस बांधावे. फसगत झालीच तर तत्काळ १९३० क्रमांकावर कळवावे. वेळ दवडला की पैसा हातचा जातो.

ग्राहकाने संघटित व्हावे, हा विचार याच पुणे जिल्ह्यात रुजला. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. त्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क पडत नाही. आरंभीच्या मार्गदर्शनासाठी १९१५ हा क्रमांक आहे.

त्या माउलीची दोन वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली होती, आणि हाती कागदही नव्हता. तिने पाटल्या पुन्हा पदरात बांधल्या आणि अंगारा घेऊन ती काळोखात निघून गेली. यंदा राजगड हे नवे नाव मिळालेल्या वेल्हे तालुक्यात आणि भोरात घरोघर आपट्याचे सोने लुटले जाईल. त्या दिवशी भिडेची सीमा ओलांडावी. देवास नमस्कार करून दुकानात शिरावे आणि पावती घेऊनच बाहेर पडावे. यंदाचे सीमोल्लंघन एवढे जरी झाले, तरी कौत्साची कथा सांगितल्याचे सार्थक होईल.