दवाखान्याच्या भिंतीवरची चौकट वाचता का?

मैत्रिणींनो, सोनं घेताना आपण हॉलमार्क पाहतो, कुकर घेताना आयएसआयचा शिक्का शोधतो. पण लेक बाळंतपणाला माहेरी आली, की दवाखान्याबद्दल एकच चौकशी होते, ‘डॉक्टरांना हातगुण आहे का?’ हातगुण हवाच हो, पण तेवढ्यावर भागत नाही.

राधानगरी तालुक्यात तर हा विचार आधीच करायला हवा. दाजीपूरकडच्या वाड्यावस्त्यांवर जुलैत पाऊस कोसळत असतो आणि कोल्हापूर राधानगरीहूनच पन्नासेक किलोमीटर. गावच्या सरकारी ग्रामीण रुग्णालयात जायचं की शहरातल्या खाजगी इस्पितळात, हे कळा सुरू झाल्यावर ठरवायचं नसतं. सातव्या महिन्यात तपासणीला जाल, तेव्हा तिथल्या भिंतीवरच्या चौकटी वाचा.

खाजगी इस्पितळात पहिली चौकट नोंदणीची. 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याप्रमाणे ती सक्तीची आहे. 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही दर्शनी भागात लावावं लागतं. पण नोंदणी म्हणजे नुसता परवाना. खानावळीला परवाना असला म्हणून आमटी चांगली असतेच असं नाही!

दुसरी चौकट मानांकनाची. ही परीक्षा आहे. खाजगी इस्पितळं बहुधा ‘एनएबीएच’ची परीक्षा देतात. सरकारी रुग्णालयांसाठी 2013 पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत. बाहेरचे परीक्षक येतात, स्वतः पाहतात, नर्सबाईंना विचारतात, नोंदवह्या तपासतात आणि खाटेवरच्या रुग्णांशीही बोलतात. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. उत्तीर्ण व्हायला एकूण किमान 70 टक्के तरी लागतात. प्रमाणपत्र तीन वर्षांचं, म्हणून तारीख जरूर पाहा. ‘कायाकल्प’ हे 2015 पासूनचं बक्षीस मुख्यतः स्वच्छतेचं. त्यावरून प्रसूतीच्या सेवेचा अंदाज बांधू नये.

बाळंतपणासाठी खरी कामाची चौकट 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाची. तिच्यात फक्त प्रसूतिगृह आणि तिथलं शस्त्रक्रियागृह तपासतात. बाईला पडदा आहे का? तिच्यावर कोणी खेकसत तर नाही ना? सोबतीला घरची एक बाई राहू देतात का? कळा कशा पुढे सरकतात याची नोंद तक्त्यावर वेळच्या वेळी होते का? बाळ पहिल्या तासात आईच्या अंगावर पाजलं जातं का? आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी ‘बाळंतपण म्हणजे सोसायचंच’ असं म्हणत. आता न ओरडता बोलण्यालाही गुण आहेत, बरं का!

चौकट नाही म्हणून दवाखाना वाईट, असंही समजू नका. कित्येक लहान दवाखाने परीक्षेला बसतच नाहीत. तिथे आपणच परीक्षक व्हायचं. रात्री भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात? रक्त लागलं तर कुठून आणता? अडलं तर कोल्हापूरच्या सीपीआरला पाठवता का, आणि गाडी कोणती? वापरलेल्या सुया वेगळ्या पांढऱ्या डब्यात पडतात का? विचारायला लाजू नका. चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

आणि परीक्षक तुमच्या खाटेपाशी आलेच, तर ‘सगळं छान आहे’ म्हणून मोकळ्या होऊ नका. रात्री हाक मारल्यावर नर्सबाई किती वेळाने आल्या, औषधं बाहेरून आणायला लावली का, हे जसं घडलं तसं सांगा. पुढच्या खेपेला त्याच खाटेवर तुमची धाकटी जाऊ असेल.